शुगरबाबा आणि वॉल्टरची जीभ

भाईंदरजवळच्या हाटकेशच्या त्या मैदानावर एरवी एकतर क्रिकेट चालायचं, नाहीतर लग्नाचे मांडव पडायचे. त्या रविवारी मात्र तिथे अशी झुंबड उडाली होती की नवऱ्यामागून पहिल्यांदाच आलेल्या सुगंधाबाईंना वाटलं, कुठल्यातरी पक्षाने कुकर वाटायला काढले असणार. जवळ गेल्यावर फलक दिसला: 'श्री शर्करांतक महाराज यांचा भव्य शुगरमुक्ती सोहळा. तपासणी मोफत. आशीर्वाद मोफत. काढा सवलतीत.'

लोक प्रेमाने त्यांना शुगरबाबा म्हणत. रत्नागिरीकर होते, रायगडकर होते, बेव्हर्ली पार्कातल्या गुजराती काकू होत्या, राई गावच्या कोळणी टोपल्या बाजूला ठेवून आल्या होत्या. पाण्यावरून, पार्किंगवरून आणि भाषेवरून रोज भांडणारं हे शहर मधुमेहाच्या बाबतीत मात्र एक झालं होतं.

सोहळ्याचा क्रम ठरलेला. नाव पुकारलं की माणूस मंचावर जायचा. भगव्या टी-शर्टातला साहिल नावाचा शिष्य त्याच्या उजव्या हातावर पळीभर पंचामृत घालायचा. माणूस ते भक्तिभावाने प्यायचा आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवायचा. मग साहिल त्याच हाताचं बोट कापसाच्या कोरड्या बोळ्याने पुसून सुई टोचायचा आणि शुगर मोजायच्या मशीनवर रक्ताचा थेंब घ्यायचा. मशीनवरचा आकडा मोठ्या पडद्यावर झळकायचा. चारशे ऐंशी. मैदानभर 'अरेरे' उठायचं.

मग बाबा उठायचे. चांदीच्या घंगाळातलं तीर्थ त्या माणसाच्या हातांवर ओतायचे. "चोळ बेटा, चोळ. बोटाबोटातलं पाप काढ." हात कोऱ्या टॉवेलने टिपले जायचे, मंत्र व्हायचा, पुन्हा सुई. पडद्यावर एकशे सत्तर. शंख फुंकला जायचा आणि शेजारच्या टेबलावर काढ्याच्या बाटल्या गरम भज्यांसारख्या खपायच्या.

"डॉक्टर काय सांगतात?" बाबा माईक हातात घेऊन फेऱ्या मारत होते. "इन्सुलिन बनवणाऱ्या तुमच्या बीटा पेशी मेल्या. अरे, बीटा नाहीत त्या, बेटा पेशी आहेत. बेटे मरत नाहीत, रुसतात. आणि रुसलेल्या बेट्याला कोणती आई सुई टोचते? उसको तो पंचामृत देती है."

पहिल्या रांगेत बसलेल्या लवूने मान डोलावली. लवू म्हणजे सुगंधाबाईंचा नवरा. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करण्यात त्याचं आयुष्य गेलं. भांडं चकचकीत दिसतं म्हणून ते जाड असतं असं नाही, हे तो गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचा. ती अक्कल त्याने बाबांच्या बाबतीत मात्र घरी ठेवली होती.

"और ये कंपनीवाले," बाबांचा आवाज चढला, "ह्यांना तुम्ही बरे झालेले परवडाल का? गोळीपेक्षा तिचं पाकीट भारी. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, चिठ्ठी घेऊन तुम्ही केमिस्टकडे जाता आणि बिल बघून तिथेच शुगर वाढते."

मैदान हसलं. सुगंधाबाईंनाही हसू आलं आणि लगेच स्वतःचा राग आला. खरी पंचाईत इथेच होती. हा माणूस नव्वद टक्के थापा मारत होता आणि उरलेल्या दहा टक्क्यांत असं खरं बोलत होता की ऐकणाऱ्याने थापाही पदरात बांधून न्याव्यात.

बिलाचं खरंच होतं. सुगंधाबाईंनी विनाअनुदानित शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पेन्शनच्या नावाने मात्र आवळ्याएवढं पूज्य. लवूच्या इन्सुलिनचं ते पेन आणि गोळ्या घरातल्या किराण्याच्या वर गेल्या होत्या. किराण्यात ओढाताण करता येते, डाळ पातळ होते, तेल कमी पडतं. लवू तशीच ओढाताण इन्सुलिनमध्ये करू लागला. कधी एक वेळ चुकवायची, कधी मात्रा अर्धी घ्यायची. "आज बरं वाटतंय," म्हणायचा. अशा माणसाला शुगरबाबा भेटले. तीन आठवड्यांपूर्वी त्याचाही आकडा पडद्यावर चारशेवरून दोनशेच्या खाली आला होता, आणि त्याच दिवशी त्याने इन्सुलिनचं पेन आणि घरचं मशीन माळ्यावर टाकलं होतं.

"एकदा मोजा तरी," सुगंधाबाई विनवत.

"बाबांनी मोजायला बंदी घातलीय. मोजणं म्हणजे संशय."

"अहो, संशयच आहे मला."

"तुला आहे. माझ्या रक्तात कशाला घालतेस?"

तो तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा, रात्रीतून सारखा उठायचा. पॅन्ट कमरेवर राहीना तेव्हा आरशासमोर उभा राहून म्हणाला, "बघ, पोट उतरलं. कृपा." सुगंधाबाईंनी वर्गावर हा धडा इतक्यांदा शिकवला होता की तहान, लघवी, वजन ही तिन्ही लक्षणं त्यांना झोपेत पाठ होती. त्या मनातून पार घाबरून गेल्या होत्या. नवरा डोळ्यांदेखत विरघळत चाललाय आणि तो मात्र खुशीत शीळ घालतोय, असा तो प्रकार होता.

आजच्या सोहळ्याला लवूने आपला कारखान्यातला दोस्त वॉल्टर ह्याला उत्तनहून ओढून आणलं होतं. वॉल्टरलाही शुगर, त्याचंही औषधांवरून घरी रोज रडगाणं. "फुकट मोजतात ना? मग चल," एवढ्यावर तो आला होता.

वॉल्टरचं नाव पुकारलं गेलं. तो मंचावर गेला, साहिलने पळी उचलली आणि म्हणाला, "अंकल, प्रसाद."

आता वॉल्टर जुन्या वळणाचा कॅथलिक. चर्चमध्ये हल्लीची पोरं हातावर प्रसाद घेतात, ते त्याला मुळीच पसंत नव्हतं. प्रसाद हा शब्द कानी पडताच त्याने सवयीने दोन्ही हात छातीशी जोडले, डोळे मिटले आणि जीभ चांगली हातभर बाहेर काढली.

मैदानात हशा पिकला. साहिल गोंधळला, पण मागे रांग खोळंबली होती. त्याने पळी सरळ वॉल्टरच्या जिभेवर रिकामी केली आणि बोट टोचलं. पडद्यावर आकडा आला दोनशे दहा. 'अरेरे' म्हणायला सरसावलेली माणसं जरा हिरमुसली. बाबांनी तीर्थ ओतलं, हात चोळून घेतले, मंत्र म्हटला. पुन्हा सुई. दोनशे आठ.

शंखवाल्याने गाल फुगवले होते ते तसेच राहिले.

"श्रद्धा की कमी है," बाबांनी निदान केलं. "नेक्स्ट."

दुपारी सुगंधाबाईंच्या ओट्यापाशी वॉल्टर बिनसाखरेचा चहा पीत धुमसत होता. लवू मांडव आवरायच्या सेवेला थांबला होता.

"वहिनी, मी दर शुक्रवारी मटण खात न्हाय. आजारी असलो तरी चर्चातली मिस चुकवत न्हाय. आन् हा मला सांगतो, तुझ्यात श्रद्धा न्हाय? माझ्यात हाय त्याच्या निम्मी श्रद्धा त्याच्या अख्ख्या मांडवात न्हाय."

"ते राहू द्या, भाऊजी. तुमच्या आधी चाळीस जण गेले, सगळ्यांचा आकडा धाडकन उतरला. तुमचाच का नाही?"

"मी काय डॉक्टर हाय?"

"नका होऊ डॉक्टर. फक्त सांगा, तुम्ही वेगळं काय केलंत? सुई तीच. मशीन तेच. तीर्थ तेच. बाबाही दुर्दैवाने तेच."

वॉल्टरने विचार केला. "मी जीभ काढली."

सुगंधाबाई बशी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. शाळेत प्रयोग शिकवताना त्या पोरांना घोकून घ्यायच्या: सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. इथे बाबांच्या मांडवातच कोणी न सांगता तो प्रयोग पार पडला होता. सगळ्यांच्या हातावर पंचामृत पडलं होतं आणि एकट्या वॉल्टरच्या जिभेवर. पंचामृतात काय असतं, हे कुठल्याही घरातलं पोर सांगेल. मध आणि साखर.

त्या तडक स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून मशीन काढलं. डबीत मोजायच्या पट्ट्या तीन-चारच उरल्या होत्या. त्या पट्ट्यांची किंमत आठवून त्यांचा हात क्षणभर अडखळला. म्हणून तर बाबांचं फावतं, त्यांच्या मनात आलं. मोजायचंच परवडत नाही, मग दुसऱ्यांदा कोण मोजणार?

आधी त्यांनी हात धुऊन स्वतःचं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. त्यांना मधुमेह नव्हताच. मग वाटीत दही, दूध, तूप, साखर आणि चांगला पाव वाटी मध ढवळला, हातावर घेतला, प्यायल्या, तळवा केसांवरून फिरवला आणि पुन्हा बोट टोचलं.

मशीन म्हणालं, चारशे पन्नास.

"वहिनी," वॉल्टर कप खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही बसा बरं. तुमची तब्येत ठीक न्हाय."

सुगंधाबाई उठल्या, नळाखाली साबणाने हात धुतले, पुसले आणि तिसऱ्यांदा टोचलं. सत्त्याण्णव. मग त्या जमिनीवर फतकल घालून बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रक्त बिचारं जसं होतं तसंच होतं. साखर बोटावर बसली होती, थेंबात मिसळली होती, आणि मशीनने इमानदारीने मध मोजून दाखवला होता. तीर्थ म्हणजे निव्वळ हात धुणं. बाबा आधी रोग लावत होते आणि मग धुवून काढत होते.

लवू घरी आल्यावर त्यांनी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू निरोगी आहेस. निरोग्यावर बाबांची परीक्षा होत नाही."

"मग तुमच्यावर घेऊ. हात धुवा, एक पट्टी उरलीय."

"तुला वर्गच हवा असतो समोर," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत गेला. जगाला शिकवता येतं, नवऱ्याला नाही, हे सुगंधाबाईंना ठाऊक होतं. पण गॅलरीतून येणारा त्याच्या घटाघटा पिण्याचा आवाज त्यांना ऐकवेना. वर्गच हवा ना? ठीक, त्या मनाशी म्हणाल्या, वर्गच घेऊ.

पुढच्या रविवारी वॉल्टर उत्तनहून आला तो पाण्याचा कॅन, साबणाची वडी आणि आपली पुतणी हेझल ह्यांना घेऊन. हेझल सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. मोजायच्या पट्ट्यांची नवी डबी तिनेच आणली.

सोहळा रंगात आला तेव्हा सुगंधाबाई मंचावर चढल्या, बाबांना वाकून नमस्कार केला आणि साहिलच्या हातून माईक घेतला. तीस वर्षं साठ-साठ पोरांचा वर्ग सांभाळलेल्या बाईच्या हातून माईक परत घेणं सोपं नसतं.

"महाराज, इतक्या लोकांची शुगर आपण काढलीत. आपली स्वतःची किती असेल, ह्याचं दर्शन भक्तांना घडावं, एवढीच इच्छा आहे."

मैदानाने कल्पना उचलून धरली. "दर्शन! दर्शन!" एका काकूंनी तर पैज लावली, मशीनवर शून्य येईल.

गर्दी वाढली म्हणून सकाळपासून स्वतःही पंचामृत वाटून बाबांचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. त्यांचा हात आपसूक घंगाळाकडे गेला.

"छे छे, महाराज," सुगंधाबाईंनी हात जोडले, "तीर्थ आम्हा पाप्यांना. आपल्याला कशाला?"

"खरंय, खरंय," पहिली रांग म्हणाली. त्यात लवूचा आवाज सर्वांत मोठा होता.

बाबांची बोटं हवेत राहिली. नाही म्हणायला जागाच नव्हती. हेझलने पुढे होऊन त्यांचं बोट टोचलं. पडद्यावर आकडा आला पाचशे वीस.

मैदानभर 'अरेरे' उठलं. पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. "हा आकडा माझा नाही, लेकरांनो. तुम्हा सर्वांची शुगर मी माझ्या देहात ओढून घेतलीय."

असा जयजयकार झाला की मांडवाचे बांबू हलले. सुगंधाबाईंनी मनात दाद दिली. पोरगं वर्गात असतं तर वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन गेलं असतं.

"मग ती तुमच्यातून काढायलाच हवी," त्या म्हणाल्या. "भाऊजी, साबण आणा."

बाबा मागे सरकले, पण वॉल्टरने त्यांचा हात धरला होता, आणि वॉल्टरने तरुणपणी वल्हं मारलं होतं. कॅनमधलं पाणी, वडीचा फेस, स्वच्छ टॉवेल. हेझलने बोट टोचलं. एकशे चार.

"बाबांचा काढा नाही, मंत्र नाही, तीर्थ नाही," सुगंधाबाई माईकवर म्हणाल्या. "कालचं नळाचं पाणी आणि साबण. नळाला आपण नमस्कार करायचा का आता?"

आधी मागची पोरं हसली, मग काकू हसल्या, मग हसू पुढे पुढे सरकत आलं. सुगंधाबाईंनी दोन वाक्यांत मधाचं गुपित फोडलं. ज्याला त्याला करून बघायचं होतं. कोणी हात धुऊन मोजत होतं, कोणी मुद्दाम मध चोपडून. शंखवाला स्वतःच्या सहाशेच्या आकड्यासोबत फोटो काढून घेत होता. लग्नाच्या मांडवातही इतकी धमाल कधी आली नसेल.

साहिल काढ्याच्या बाटल्या खोक्यात भरू लागला तेव्हा बाबांनी शेवटचा पत्ता टाकला. "ठीक आहे. मशीन खोटी, हात खोटे. पण माणूस तर खरा? लवूभाई, वर या. चार हफ्ते हो गये, एक सुई नहीं. सांगा ह्यांना, कसं वाटतंय?"

लवू ताठ मानेने वर आला. "एकदम हलकं वाटतंय," तो म्हणाला. मग त्याने सुगंधाबाईंकडे पाहिलं. "तुला मोजायचंय ना? होऊन जाऊ दे." त्याने स्वतःच साबण घेतला आणि हात खसखसून धुतले, नखांतूनसुद्धा, भांडं पॉलिश करावं तसे.

हेझलने थेंब घेतला. पडद्यावर आकडा आलाच नाही. इंग्रजीत दोन अक्षरं आली, एच आणि आय.

"मशीन हाय बोलतेय," मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा उसळला, दोघा-तिघांनी मशीनला हात हलवून दाखवला.

सुगंधाबाई हसल्या नाहीत. शुगर इतकी चढली की मशीनला मोजता येईनाशी होते, तेव्हा ते अशी अक्षरं दाखवतं, हे त्यांना माहीत होतं. हेझलने लवूची नाडी धरली आणि वॉल्टरला रिक्षा आणायला पाठवलं. तिचा चेहरा बघून पुढच्या रांगेतलं हसू विझलं, मग मागचं.

लवू पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच खाली बसला आणि दोन्ही ओले तळवे बायकोपुढे धरले.

"सुगंधा, मी हात नीट धुतले होते ना?"

"धुतले होते हो," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि मंचावर, भरल्या मैदानासमोर, त्यांना रडू फुटलं.

लवू वाचला. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर वाचला नसता, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबा मात्र त्या गडबडीत घंगाळासकट पसार झाले. सुगंधाबाईंनी पोलिसांत तक्रार दिली, आणि तक्रार द्यायला सोबत आले ते परवापर्यंत जयजयकार करणारेच.

पण बाबा पळाला तरी बिलं पळत नाहीत. हॉस्पिटलमधून सुटी मिळाल्यावर सुगंधाबाईंनी हेझलला न लाजता विचारलं, "औषध परवडत नाही, हे डॉक्टरांना सांगायचं असतं का गं?"

"पहिल्यांदा तेच सांगायचं असतं," हेझल म्हणाली. "लोक मला आहार सांगतात, व्यायाम सांगतात, हे एक लपवतात. मग स्वतःच्या मनाने डोस तोडतात." तिने तपासून पेनाऐवजी बाटलीतलं साधं इन्सुलिन लिहून दिलं, मात्रा बदलली, आणि गोळ्यांचं कंपनीचं नाव खोडून आतल्या औषधाचं नाव लिहिलं. जेनेरिकच्या दुकानात तीच औषधं जुन्या बिलाच्या पाव हिश्श्यात आली.

घरी लवूने ती बाटली उजेडात धरून वळवून पाहिली. "एवढी स्वस्त? पाणी भरलं नसेल कशावरून? महागात काहीतरी असेलच ना, उगाच का महाग?"

सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला. एक बाबा गेला आणि दुसरा घरातच बसलाय, चकचकीत पाकिटात. जे महाग तेच गुणकारी, ही काय कमी अंधश्रद्धा आहे? ह्याच माणसाने जन्मभर सांगितलं होतं की पॉलिशवर जाऊ नका, पत्रा बघा.

वाचकहो, तुमच्या गल्लीतही कोणीतरी शुगरबाबा येईल. तो कंपन्यांना शिव्या देईल, बिलांवर विनोद करील आणि त्यातलं बरंचसं खरं असेल. बिल अन्यायाचं आहे म्हणून काढा खरा ठरत नाही. डॉक्टरला विचारा, परवडत नाही असं तोंडावर सांगा, स्वस्तातलं औषध मागा, सरकारी दवाखान्याची पायरी चढायला लाजू नका. पण स्वतःच्या मनाने औषध सोडू नका, आणि जो मोजायला बंदी करतो त्याच्या मांडवात पाऊल टाकू नका.

"मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नका," सुगंधाबाई लवूला म्हणाल्या. "हेझल सांगते म्हणूनही नको. आठवडाभर घ्या आणि मग बघू."

आठवड्याने लवू स्वतःहून मोरीत गेला. नळाचा आवाज आला, बराच वेळ आला. मग तो बोट पुढे करून तिच्यासमोर येऊन बसला.

"साबणाने धुतलेत," तो म्हणाला. "मोज."